कडूमूळ इतिहासजमा झालं त्याची गोष्ट

एका जंगलात एक विद्यापीठ होतं.

जंगलात विद्यापीठ कसं, असं विचारू नका, मुलांनो. पुष्कळ विद्यापीठांत जंगल असतं, ते तुम्हाला चालतं. मग जंगलात एखादं विद्यापीठ असलं तर काय बिघडलं?

त्याचा कुलगुरू होता गेंडा. निवड समितीने आधी हरणाला पाहिलं होतं. हरीण हुशार होतं, पण कुणी काही बोललं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. गेंड्याला काहीच लागायचं नाही. ऊन नाही, पाऊस नाही, शब्द तर नाहीच. एवढी पात्रता समितीला पुरली. कुलसचिव होता कोल्हा. त्याला कुणी नेमलं हे कुणालाच आठवत नव्हतं. कोल्हे असतातच.

एकदा नदीपलीकडून बातमी आली. पलीकडच्या जंगलातल्या विद्यापीठाला सगळ्यांत वरची श्रेणी मिळाली. का मिळाली? तर त्यांच्याकडे वैद्यकाच्या इतिहासाचा विशेष संग्रह होता. तपासणी समिती आली, संग्रहापुढे उभी राहून 'वा वा' म्हणाली, जेवली आणि श्रेणी देऊन गेली.

गेंड्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणजे, नेहमीपेक्षा कमी गेलं.

"आपल्याकडे वैद्यकाचा इतिहास आहे का हो?" त्याने कोल्ह्याला विचारलं.

"नसला तर करू," कोल्हा म्हणाला. "भूतकाळाचं काम सोपं असतं, सर. तो उलटून बोलत नाही."

टेकडीवर एक थंड, कोरडी गुहा होती. तीत वटवाघळं राहायची. विद्यापीठाने त्यांना जागा सोडण्याची नोटीस दिली. ती गुहेच्या तोंडाशी उलटी लावली होती, म्हणजे लटकल्या लटकल्या त्यांना सरळ वाचता यावी. विद्यापीठ एवढी काळजी घेतं. वटवाघळं गेली. आयत्या बिळात नागोबा शिरतो तसं विद्यापीठ आत शिरलं आणि दारावर पाटी लागली : 'अभिलेखागार व विशेष संग्रह (वैद्यकीय इतिहास)'.

विभागप्रमुख म्हणून घोरपडीला नेमलं. मुलाखतीत तिला एकच प्रश्न विचारला होता.

"जतन म्हणजे काय?"

"कुणालाही न देणं," घोरपड म्हणाली.

तिला तिथल्या तिथे घेतलं. घोरपडीने एकदा धरलेलं सुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. ती वाईट नव्हती, हेही सांगून ठेवतो. ती नियमाने वागायची. वाईट प्राणी कधीतरी कंटाळून तरी थांबतो.

मग जुन्या वैद्यकीय वस्तू पाठवा, अशी दवंडी पिटली. जंगलातल्या प्रत्येकाने घरातली अडगळ आणून टाकली. अस्वलाने आजोबांचा किडका दात आणला. तरसाने एक दगड आणला आणि सांगितलं, याला ठेच लागून सिंहमहाराजांचे पणजोबा लंगडले होते. दगड खोटा होता, पण पणजोबा राजघराण्यातले, म्हणून त्याला मखमल मिळाली.

तरीही संग्रहाला वजन येईना. कोल्हा म्हणाला, "एखादं खरं औषध पाहिजे. खरा वैद्य पाहिजे."

खरा वैद्य जंगलात एकच होता. साळूआजी.

साळूआजी म्हणजे म्हातारी साळिंदर. ती फार गोड होती, असं मी सांगणार नाही. ती कजाग होती. पिल्लाला घेऊन आलेल्या आईला आधी चार शिव्या द्यायची, मग पिल्लाला हात लावायची. पण हात लावायची, हे महत्त्वाचं.

त्या जंगलात भादव्यात गळफुगी नावाचा रोग यायचा. लहान पिल्लांचा गळा सुजायचा. गिळता यायचं नाही. पुढे श्वास घरघरायचा आणि मग तोही बंद व्हायचा. साळूआजी टेकडीवरून कडूमूळ उकरून आणायची. सहाणेवर पाणी घालून ते उगाळायची आणि गळ्यावर दाट लेप द्यायची. सूज पिकून मऊ पडली की आपल्याच अंगावरचा एक काटा काढून ती फोडायची. घाण वाहून जायची. पिल्लू आधी रडायचं, मग खायला मागायचं. तिच्या आईनेही हेच केलं होतं आणि आजीनेही.

साळूआजीला दुःख एकच होतं. तिचा सत्कार झाला नव्हता. मोराचा दोनदा झाला होता आणि तो तर नुसता नाचायचा.

घोरपड आणि कोल्हा तिच्या बिळापाशी गेले.

"आजी, तुमचं मूळ, सहाण आणि काटे संग्रहाला हवे आहेत," घोरपड म्हणाली.

"न्या की. मूळ टेकडीवर लई हाय. सहाण मातर माघारी द्या. पोरं आली की लागती."

"तसं चालणार नाही. आमचा विभाग इतिहासाचा आहे. चालू औषध आम्हाला स्वीकारता येत नाही."

"म्हंजी?"

"ते आधी बंद झालेलं असलं पाहिजे."

"अवं, पर त्यानं पोरं बरी होत्यात!"

"हीच तर अडचण आहे," घोरपड म्हणाली.

साळूआजीचे काटे उभे राहिले. तेवढ्यात कोल्हा पुढे झाला. त्याने शालीचं नाव काढलं. नारळाचं काढलं. गुहेच्या दारात आजींची दगडी मूर्ती बसवायची आहे, असंही सांगितलं.

"केवढी?" आजीने विचारलं.

"मोरापेक्षा मोठी."

आजीने टेकडीकडे पाहिलं. मग मोर नाचायचा त्या माळाकडे पाहिलं. काटे हळूहळू खाली बसले.

"बरं," ती म्हणाली. "न्हाई तरी आता हात कापत्यातच माजे."

हात कापत नव्हते. पण तिला हसू नका, मुलांनो. शाल दिसली की भल्याभल्यांचे हात कापायला लागतात.

आता औषध बंद झालं तर रोगाचं काय? इतिहासात औषध एकटं कसं जाणार? म्हणून रोगही संपवायचं ठरलं. आरोग्यमंत्री होता बगळा. तो तळ्यात एका पायावर डोळे मिटून उभा होता.

"सध्या गळफुगीचे रुग्ण किती?" त्याने विचारलं.

"एकही नाही," कोल्हा म्हणाला. खरंच होतं ते. चैत्र चालू होता.

बगळ्याने तेव्हाच जाहीर केलं की गळफुगी जंगलातून कायमची गेली. जाहीर करता करता त्याने एक मासाही उचलला.

आणखी एक घोटाळा राहिला होता. संग्रहातली वस्तू दुर्मिळ असावी लागते आणि कडूमूळ तर टेकडीभर माजलं होतं. कोल्ह्याने रानडुकरांना टेकडीवर सोडलं. त्यांनी सगळं मूळ उकरून काढलं. काही खाल्लं, काही तुडवलं, उरलेलं ओढ्यात गेलं. त्यातलं एक बाळसेदार मूळ घोरपडीने निवडलं. त्याला कीड लागू नये म्हणून वर लाखेचा जाड थर चढवला आणि ते काचेच्या पेटीत ठेवलं. आता ते जगातलं एकमेव होतं. त्याच्या शेजारी सहाण, सहाणेशेजारी काटे.

सत्कार थाटात झाला. गेंड्याने भाषणात साळूआजीला 'थोर परंपरेचा शेवटचा दुवा' म्हटलं. शेवटचा म्हटल्यावर ती जराशी दचकली. पण शाल उबदार होती.

मग पाऊस आला, गेला आणि भादवा लागला.

टेकडीखाली एक भेकरीण राहायची. भेकर म्हणजे भुंकणारं हरीण. वाघ आला की तीच आधी ओरडायची आणि बाकीचे पळून जीव वाचवायचे. तिला एकच पाडस होतं. नाव बारकी. एका सकाळी बारकीने दूध सोडलं. आईने गळ्याला जीभ लावली. गळा तापलेला होता आणि सुजलेला होता.

ती बारकीला घेऊन साळूआजीकडे धावली.

आजीने पाहिलं. या वेळी तिने शिव्या दिल्या नाहीत, म्हणून भेकरीण जास्तच घाबरली.

"गळफुगी हाय," आजी म्हणाली.

"मग लेप द्या!"

"कशाचा देऊ? मूळ वर पेटीत हाय, सहाण पेटीत हाय. आन मी..." तिने शालीचं टोक चाचपलं. "मी बंद केलंय म्हनून सांगितलंय चारचौघांत."

भेकरीण तिच्याकडे नुसती बघत राहिली. आजीला ते बघणं सोसेना.

"जा, मूळ तेवढं घिऊन ये," ती हळू आवाजात म्हणाली. "मी करते गुपचूप."

भेकरीण टेकडी चढून गुहेपाशी गेली. घोरपड दारातच होती.

"मॅडम, ते मूळ जरा द्या. माझी पोरगी आजारी हाय."

"संशोधनाचा विषय?"

"पोरगी आजारी हाय."

"हा विषय फार व्यापक आहे. जरा नेमका करून सांगा."

"तिला गळफुगी झालीय हो!"

घोरपड हसली. चांगल्या मनाने हसली.

"बाई, गळफुगी आमच्याकडे आहे. हे बघा, या दालनात. एकच रोग दोन ठिकाणी कसा असेल? तुमच्या मुलीला दुसरं काहीतरी झालं असेल. दुसऱ्या रोगाला हे मूळ देऊन काय उपयोग?"

भेकरीण भुंकली. ती भुंकली की सगळं जंगल पळायचं. पण गुहेच्या भिंती जाड होत्या आणि आत शांतता राखायचा नियम होता.

कोल्हा मात्र तिथेच होता आणि कोल्ह्याचे कान चांगले असतात. दुसऱ्या दिवशी तपासणी समिती यायची होती. त्याच्या मनात होतं की नुसत्या पेट्या दाखवण्यापेक्षा काहीतरी हलतं-बोलतं दाखवावं.

"बाई," तो म्हणाला, "उद्या मुलीला इथे घेऊन या. पाहुण्यांपुढे प्रात्यक्षिक आहे. साळूआजी येतील. मूळ पेटीतून बाहेर निघेल. मुलीला फक्त आडवं पडायचं आहे."

"ती आडवीच हाय," भेकरीण म्हणाली.

ती उतरून आजीकडे गेली. "उद्या मूळ भाईर काडनार हायेत. आजी, समद्यांदेखत खरं औषध कराल का?"

आजीने खांद्यावरची शाल नीट केली. मग काढली. मग पुन्हा घेतली.

"आन पोरीला," ती म्हणाली. "मी काय मेली न्हाई अजून."

दुसऱ्या दिवशी समिती आली. समितीचा अध्यक्ष होता माळढोक. माळढोक आता फारसे उरलेले नाहीत, म्हणून जे उरलेत त्यांना प्रत्येक वारसा समितीवर घेतात. त्यांच्यासाठी माळ राखण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. बाकीचे सदस्य जेवायला होते.

गुहेच्या मध्यभागी गवत पसरून त्यावर बारकीला निजवलं होतं. तिचा श्वास घरघरत होता. माळढोकाने कान दिला.

"आवाज फार अस्सल आहे," तो म्हणाला.

"आम्ही तपशिलाकडे लक्ष देतो," गेंडा म्हणाला.

घोरपडीने पेटी उघडली आणि मूळ आजीच्या हातात ठेवलं. आजीने सहाणेवर पाणी टाकलं आणि उगाळायला सुरुवात केली. मूळ नुसतं घसरत होतं. लाख होती ना वर! पाणी स्वच्छच्या स्वच्छ राहिलं. आजीने मूळ उचलून बघितलं, वास घेतला आणि लाखेवर कडकडून दात लावला.

घोरपडीने झेप घेऊन तिचा हात धरला.

"आजी! झीज होतेय!"

"उगाळल्यावर झिजंलच की, बये!"

"उगाळायचं नाही. उगाळल्यासारखं करायचं!"

"सोड. पोर जातीय."

घोरपडीने सोडलं नाही. तिला सोडता येतच नव्हतं, त्यासाठीच तर तिला नेमलं होतं. आजीने ओढलं, घोरपडीने ओढलं. आजीची शाल खाली पडली, सहाण उलटली. आजीने दुसऱ्या हाताने अंगावरचा काटा उपटला आणि ती बारकीकडे सरकू लागली. पण सूज कच्ची होती. लेपावाचून ती पिकणार नव्हती आणि कच्ची सूज फोडून भागत नाही, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं. काटा हातातच राहिला. मुलांनो, त्या क्षणी त्या गुहेत त्या रोगाबद्दल काही कळणारी ती एकटी होती आणि तिचा एक हात विद्यापीठाने धरून ठेवला होता.

भेकरीण भुंकायला लागली. थांबेचना.

"आईचं काम कोण करतंय?" माळढोकाने विचारलं. "फार छान करतात."

समितीने टाळ्या वाजवल्या. समितीने वाजवल्या म्हणून गेंड्याने वाजवल्या. गेंड्याने वाजवल्या म्हणून सगळ्या प्राध्यापकांनी वाजवल्या. गुहेत टाळ्या मोठ्या घुमतात. त्या आवाजात घरघर कधी थांबली, ते कळलं नाही. आईला कळलं. ती भुंकायची थांबली.

"ऊठ हं बाळ, झालं," कोल्हा म्हणाला.

बारकी उठली नाही.

इथे मला एक शिवी द्यायची आहे. तुम्ही लहान आहात, म्हणून मनातल्या मनात देतो. दिली.

आता तुम्हाला वाटेल, सगळे लाजले असतील. माना खाली घातल्या असतील. एक मान खाली गेली, साळूआजीची. बाकीच्या माना माळढोकाकडे वळल्या, तो काय म्हणतो ते बघायला.

माळढोक विचारात पडला होता. मग म्हणाला, "तुमच्या संग्रहात औषध होतं, उपकरणं होती. रुग्ण नव्हता. तेवढी एक उणीव मी काढणारच होतो."

कोल्ह्याच्या ध्यानात आलं. त्याला दोनदा सांगावं लागत नाही.

विद्यापीठाला सगळ्यांत वरची श्रेणी मिळाली. पलीकडच्यांपेक्षा अर्ध्या अधिक-चिन्हाने वरची. बारकीच्या अंगात भुसा भरला आणि तिला काचेच्या पेटीत उभं केलं. सूज नीट दिसावी म्हणून मान जराशी वर ठेवली. खाली लिहिलं, 'गळफुगीचा अखेरचा रुग्ण. प्राचीन काळ.' भेकरीण तिला मागायला गेली तेव्हा घोरपडीने तिला पाणी दिलं, बसायला दिलं आणि समजावलं, "घरी नेऊन काय कराल? मातीत जाईल. इथे ती कायम राहील."

साळूआजीने शाल आणून गुहेच्या दारात फेकली. घोरपडीने ती झटकून, घडी घालून आत नेली. आता तीही पेटीत आहे. आजी हल्ली टेकडीवर दिसते. सकाळपासून माती उकरत असते. कडूमुळाचा एखादा तुकडा राहिला असेल, अशी तिला आशा आहे. प्राध्यापक मंडळी म्हणतात, फार इतिहास सोसला नाही म्हातारीला.

भेकरणीला मंगळवारी गुहेत प्रवेश मिळतो. पेटीला हात लावायचा नाही, जीभ लावायची नाही आणि भुंकायचं नाही. ती येते, काचेपुढे उभी राहते आणि जाते.

परवाच्या मंगळवारी ती आली तेव्हा शाळेची सहल आली होती. घोरपड पिल्लांना माहिती देत होती.

"आपले पूर्वज या भयंकर रोगाने मरत असत. आज हा रोग जगात कुठेही नाही. आपण किती भाग्यवान!"

मागे उभा असलेला एक ससुला खोकला.

"इथे खोकायचं नाही," घोरपड म्हणाली.

ससुल्याने तोंड दाबून धरलं. त्याला गिळता येत नव्हतं. भेकरीण त्याच्याजवळ गेली. तिने त्याच्या गळ्याला जीभ लावली आणि ती एकदम मागे सरकली.

"मॅडम, ह्याचा गळा बघा. तापलाय."

"बाई," घोरपड शांतपणे म्हणाली, "दालनात फक्त मांडलेल्या वस्तूंविषयी बोलावं."

आणि ती पिल्लांना पुढच्या पेटीकडे घेऊन गेली. ससुलाही रांगेतून गेला. शहाणा होता तो, पुन्हा खोकला नाही.

तात्पर्य : औषध जिवापाड जपावं. रोगी काय, दर भादव्यात नवे येतात.